एकच दिवस, आठ देह

ब्लॅकहीथ नावाच्या हवेलीत रात्री अकरा वाजता एका तरुणीचा जीव जातो. तिचे नाव एव्हलिन हार्डकॅसल. हवेली तिच्या आईवडिलांची, मेजवानी ती पॅरिसहून परतली म्हणून, आणि पाहुणे मुखवटे घालून नाचायला जमलेले. जे घडते ते खून वाटणार नाही, अशी सगळी व्यवस्था झालेली असते. त्यानंतर जी सकाळ उजाडते ती पुन्हा त्याच दिवसाची. तेच ओले रान, तीच न्याहारी, तीच भांडणे, आणि रात्री अकराला पुन्हा तोच मृत्यू.

स्टुअर्ट टर्टन या इंग्रज लेखकाची ‘द सेव्हन डेथ्स ऑफ एव्हलिन हार्डकॅसल’ ही पहिलीच कादंबरी. त्याआधी ते पर्यटनावर लिहिणारे पत्रकार होते. फेब्रुवारी २०१८ मध्ये ब्लूम्सबरीच्या रेव्हन बुक्स या शाखेने ती लंडनमध्ये प्रसिद्ध केली आणि त्या वर्षीचा, पहिल्या कादंबरीसाठी असलेला कोस्टा पुरस्कार तिला मिळाला. अमेरिकेत तिच्या नावात साताचे साडेसात झाले, कारण टेलर जेन्किन्स रीड यांची ‘द सेव्हन हज्बंड्स ऑफ एव्हलिन ह्यूगो’ आदल्याच वर्षी आली होती आणि दोन पुस्तकांत गोंधळ होण्याची भीती होती.

कथेचा निवेदक रानात भानावर येतो तेव्हा त्याला स्वतःचे नावही आठवत नाही. ओठांवर फक्त ‘ॲना’ हे नाव आहे, पण ती कोण ते ठाऊक नाही. झाडांमधून एक बाई जिवाच्या आकांताने पळताना दिसते, तिच्यामागे कोणीतरी लागलेले. थोड्या वेळाने एक माणूस त्याच्या मागे येऊन उभा राहतो, खिशात काहीतरी जड टाकतो, पूर्वेकडे जा एवढेच कानात सांगतो आणि नाहीसा होतो. खिशातून होकायंत्र निघते. त्या काट्याच्या भरवशावर रान तुडवत तो ब्लॅकहीथच्या दारात पोचतो. तिथे सगळे त्याला डॉक्टर सबॅस्टियन बेल म्हणून ओळखतात. दुसऱ्या दिवशी जाग येते ती मात्र बटलरच्या शरीरात.

नियम त्याला समजावून सांगणारा माणूस जुन्या काळच्या प्लेगच्या वैद्यासारखा चोचीचा मुखवटा घालतो. तो सांगतो की निवेदकाचे खरे नाव एडन बिशप. त्याला हा एकच दिवस आठ वेळा मिळेल, आणि दर वेळी शरीर वेगळे असेल. त्या आठ दिवसांत एव्हलिनचा खुनी त्याने शोधायचा आणि रात्री अकराला तळ्याकाठी येऊन नाव सांगायचे. उत्तर बरोबर असेल तर सुटका. नाही सापडले तर स्मृती पुसली जाणार आणि सगळे पुन्हा पहिल्यापासून सुरू. शिवाय या शर्यतीत आणखी दोघे आहेत, सुटणार मात्र एकच. आणि एडनच्या आठही देहांच्या मागावर सुरी घेतलेला एक नोकर आहे.

या पुस्तकाची ओळख करून देताना ‘ॲगाथा ख्रिस्ती अधिक ग्राउंडहॉग डे’, म्हणजे ख्रिस्तींची रहस्यकथा आणि एकच दिवस पुन्हा पुन्हा जगणाऱ्या माणसाचा चित्रपट, हे समीकरण हमखास वापरले गेले. खपासाठी ते सोयीचे आहे, पण त्यातून एक चुकीची समजूत पक्की होते. जणू इंग्लंडमधल्या खेड्यातली जुनी हवेली ही एक वस्तू, काळाचा फेरा ही दुसरी, आणि टर्टन यांनी दोन्ही कुठून कुठून आणून एकत्र जोडल्या. खरे पाहता हवेलीतल्या खुनाच्या गोष्टीत तो एक दिवस परत परत जगणे पहिल्यापासूनच होते. टर्टन यांनी ते उघड केले, आणि त्याची पूर्ण किंमत शोध घेणाऱ्याला मोजायला लावली. त्यांचे खरे कर्तृत्व तिथे आहे.

त्यासाठी थोडे मागे, १८६० सालात जावे लागते.

विल्टशायरमधल्या रोड हिल हाउस या घरातून २९ जूनच्या रात्री सॅव्हिल केंट हा चार वर्षेही पूर्ण न झालेला मुलगा बिछान्यातून नाहीसा झाला. गळा चिरलेला त्याचा मृतदेह दुसऱ्या दिवशी आवारातल्या नोकरांच्या शौचकूपात सापडला. बाहेरून कोणी आल्याची खूण नव्हती; म्हणजे खुनी घरातलाच. स्कॉटलंड यार्डहून जॅक व्हिचर हा नावाजलेला गुप्तहेर आला. त्याचे लक्ष खिळले ते धोब्याच्या वहीवर. सॅव्हिलची सोळा वर्षांची सावत्र बहीण कॉन्स्टन्स हिचे तीन रात्रीचे झगे होते, त्यातला एक सापडत नव्हता. सोमवारी कपड्यांची टोपली भरताना मोलकरणीने तो मोजून घातला होता, धुणाऱ्या बाईच्या हाती मात्र पोचलाच नाही. व्हिचरने त्या सोमवारचा एकेक क्षण उलगडला. टोपली भरून झाल्यावर कॉन्स्टन्स खोलीच्या दाराशी आली होती, तिने मोलकरणीला पेलाभर पाणी आणायला खाली पाठवले होते. तेवढ्या वेळात मोजलेला स्वच्छ झगा परत काढून घेता येतो. मग रक्ताचा डाग लागलेला झगा नष्ट केला तरी वहीत हिशोब बरोबर राहतो आणि हरवल्याचे खापर धुणाऱ्या बाईवर फुटते.

व्हिचरचे कोणी ऐकले नाही. प्रतिष्ठित घरातल्या कुमारिकेवर कामगाराच्या पोटी जन्मलेल्या पोलिसाने बोट ठेवावे, हेच लोकांना सहन झाले नाही. मुलगी सुटली, व्हिचरचे नाव धुळीला मिळाले. पाच वर्षांनी, १८६५ मध्ये कॉन्स्टन्सने स्वतःहून कबुली दिली. फाशी रद्द होऊन तिने वीस वर्षे तुरुंगात काढली, पुढे ऑस्ट्रेलियात जाऊन ती परिचारिका झाली आणि १९४४ मध्ये, वयाची शंभरी गाठून वारली. केट समरस्केल यांनी २००८ मध्ये या सगळ्या प्रकरणावर लिहिलेले ‘द सस्पिशन्स ऑफ मिस्टर व्हिचर’ हे पुस्तक ज्याला या कथाप्रकाराची मुळे पाहायची आहेत त्याने आवर्जून वाचावे.

व्हिचरने जे केले तेच पुढे या प्रकारातल्या प्रत्येक गुप्तहेराने केले. होऊन गेलेला दिवस त्याने मनात पुन्हा चालवला. स्वयंपाकीणबाईला विचारले, माळ्याला विचारले, घराच्या मालकाला विचारले, आणि प्रत्येकाच्या तोंडून तोच दिवस नव्याने ऐकला. दर फेरीत एखादी गोष्ट जागेवरून हललेली दिसते. पेलाभर पाण्याला पहिल्या ऐकण्यात काहीच अर्थ नसतो, पाचव्या ऐकण्यात सगळा अर्थ त्यातच असतो.

विल्की कॉलिन्स या कादंबरीकाराला हे नेमके कळले होते. १८६८ मध्ये डिकन्सच्या साप्ताहिकातून क्रमशः आलेली त्याची ‘द मूनस्टोन’ रोड हिलच्या प्रकरणाचे ऋण उघडपणे बाळगते. डागाळलेला रात्रीचा कपडा तिथेही आहे. पण त्याने एक पाऊल पुढे टाकले. यॉर्कशायरमधल्या हवेलीत रेचल व्हेरिंडरच्या अठराव्या वाढदिवशी, २१ जून १८४८ रोजी, तिला भेट मिळालेला हिरा त्याच रात्री चोरीला जातो. वर्ष उलटते, छडा लागत नाही. मग एझ्रा जेनिंग्ज हा डॉक्टरचा मदतनीस एक विलक्षण प्रयोग सुचवतो. ती रात्र पुन्हा घडवायची. तीच माणसे त्याच खोल्यांत झोपवायची, जिन्यात तोच गालिचा अंथरायचा, दिवाणखान्यातले सामान जिथे होते तिथेच ठेवायचे, आणि ज्याच्यावर संशय आहे त्याने त्या रात्री केले ते तो पुन्हा करतो का, हे श्वास रोखून पाहायचे. घरचा जुना कारभारी बेटरेज या खटाटोपाला वैतागून विचारतो की दिवाणखान्यातला तो भुसा भरलेला पक्षीसुद्धा आणून ठेवायचा का. प्रयोगाचे काय झाले ते इथे सांगणे बरे नव्हे. पण हवेलीतल्या रहस्यकथेत घडून गेलेली रात्र शब्दशः परत मांडण्याचा हा डाव दीडशे वर्षांपूर्वीचा आहे, आणि त्याला कुठल्याही यंत्राची किंवा मंत्राची गरज पडली नव्हती.

अशी पुनरावृत्ती इंग्रज हवेलीतच इतकी शोभते, याला कारण तिथले वेळापत्रक. सकाळी उशाशी चहा, मग न्याहारी, दुपारचे जेवण, चारचा चहा, कपडे बदलण्याची घंटा, रात्रीचे जेवण, बिलियर्ड्स, झोप. नोकरांचे घड्याळ याहून काटेकोर. प्रत्येक खोलीतून खाली बटलरच्या दालनापर्यंत ताणलेल्या तारा आणि त्यांच्या टोकाला खोलीचे नाव लिहिलेल्या घंटा. कुठल्या खोलीत कोण किती वाजता होते याची साक्ष त्या घंटांतूनही मिळे. १९२० मध्ये ॲगाथा ख्रिस्ती यांची ‘द मिस्टीरियस अफेअर ॲट स्टाइल्स’ आली तेव्हापासून पुढची वीस वर्षे हे वेळापत्रक म्हणजे या कथांचा कणा होता. पुस्तकात घराचा नकाशा छापलेला असे आणि वाचक बोट ठेवून पाहत असे की सव्वानऊला ग्रंथालयातून निघालेला माणूस साडेनऊला बागेतल्या तळ्यापाशी पोचू शकतो का.

खेळ म्हटला की नियम आले. रॉनल्ड नॉक्स हे कॅथलिक धर्मगुरू स्वतः रहस्यकथा लिहीत. त्यांनी १९२९ मध्ये दहा नियम घालून दिले. त्यांत अलौकिक शक्तींना मज्जाव होता, आणि गुप्त खोली किंवा भुयार एकापेक्षा जास्त असता कामा नये, असेही बजावले होते. पुढच्याच वर्षी लंडनमध्ये डिटेक्शन क्लब स्थापन झाला, लेखक चेस्टरटन त्याचे पहिले अध्यक्ष. लेखक वाचकापासून एकही धागा लपवणार नाही, हा त्या मंडळींचा शब्द होता.

या नियमांच्या पट्टीने मोजले तर टर्टन पहिल्याच पानावर बाद होतात, असे वाटेल. तसे होत नाही. त्यांच्या गोष्टीत अलौकिक आहे ते फक्त चौकटीपुरते. एकदा आठ दिवस, आठ देह, रात्री अकरा ही अट मान्य केली की आत सगळा व्यवहार रोखठोक आहे. कोणाला भुताने मारलेले नाही, कोणी जादूने भिंतीपलीकडे गेलेले नाही. वाचकाला जे दिसते तेवढ्यावरून तो उत्तरापर्यंत जाऊ शकतो. नॉक्स यांनी ज्या प्रामाणिकपणासाठी नियम केले तो प्रामाणिकपणा इथे पुरेपूर पाळला आहे.

आणि अलौकिक म्हणावे तर काळाविषयीचे विचित्र विचार त्या काळातल्या इंग्लंडला परके नव्हतेच. जे. डब्ल्यू. डन हे विमानांची रचना करणारे अभियंता. १९२७ मध्ये त्यांनी ‘ॲन एक्स्पेरिमेंट विथ टाइम’ लिहिले. आपल्याला पुढे घडणाऱ्या गोष्टी स्वप्नात आधी दिसतात, म्हणजे भूत आणि भविष्य एकाच वेळी अस्तित्वात असले पाहिजे, असा त्यांचा दावा. शास्त्रज्ञांनी तो मानला नाही, पण लेखक भारावून गेले. नाटककार जे. बी. प्रीस्टली त्यांतले एक.

प्रीस्टली यांचे ‘डेंजरस कॉर्नर’ हे १९३२ मधले नाटक टर्टन यांच्या कादंबरीचे सगळ्यांत जवळचे पूर्वज म्हणावे लागेल. पडदा उघडतो तेव्हा अंधार असतो. गोळीचा आवाज, बाईची किंकाळी. दिवे लागतात आणि कळते की घरातल्या बायका जेवण झाल्यावर रेडिओवर नाटक ऐकत होत्या. गप्पा चालू होतात. कोणीतरी पाहुण्यांपुढे सिगारेटची एक डबी धरते, उघडली की तिच्यातून सूर वाजतात. एक बाई सहज म्हणते की ही डबी तिने आधी पाहिली आहे. पण ती डबी तिने पाहिली असणे शक्य नसते, कारण ती एका मृत माणसाची होती. या एका वाक्याने सगळ्यांची लपवलेली पापे एकामागून एक बाहेर पडतात आणि शेवटी घराचा मालक पिस्तूल हातात घेतो. अंधार, गोळी, किंकाळी. दिवे लागतात तर रंगमंचावर पुन्हा तीच संध्याकाळ, तेच रेडिओवरचे नाटक, तीच डबी. या खेपेला मात्र कोणीतरी रेडिओवर नाचाची धून लावते, विषय तिथेच सुटतो, आणि सगळे हसत नाचू लागतात. हवेली, खून, पाहुणे, काळाचा फेरा, सगळे एका जागी. आणि तेही ‘ग्राउंडहॉग डे’च्या साठेक वर्षे आधी. पाच वर्षांनी त्यांनीच ‘आय हॅव बीन हिअर बिफोर’ लिहिले. त्यात यॉर्कशायरमधल्या एका खानावळीत एक वयस्क जर्मन विद्वान येतो आणि तिथे उतरलेल्यांचे आयुष्य आधीच्या फेऱ्यात कसे उद्ध्वस्त झाले ते त्याला ठाऊक असते. चूक या वेळी टळेल का, हा त्या नाटकाचा प्रश्न. रशियन विचारवंत उस्पेन्स्की यांच्या पुनरावर्तनाच्या कल्पनेतून तो आला होता.

रंगभूमीवर तर एक हवेली अक्षरशः या फेऱ्यात अडकली आहे. ख्रिस्ती यांचे ‘द माउसट्रॅप’ २५ नोव्हेंबर १९५२ रोजी लंडनच्या वेस्ट एंडमध्ये सुरू झाले, मार्च २०२० मध्ये महामारीने थांबेपर्यंत अखंड चालले, आणि मे २०२१ मध्ये पुन्हा उभे राहिले. बर्फाने वेढलेल्या मंक्सवेल मॅनरमध्ये तेच पाहुणे येतात, तोच खून होतो, आणि खुनी कोण ते बाहेर सांगू नका, अशी विनंती प्रेक्षकांना खेळ संपल्यावर केली जाते.

नंतरची वंशावळ थोडक्यात सांगता येईल. हॅरोल्ड रॅमिस यांच्या ‘ग्राउंडहॉग डे’ या १९९३ च्या चित्रपटाने २ फेब्रुवारीचा एकच दिवस पुन्हा पुन्हा जगणारा माणूस घरोघरी पोचवला. जपानमध्ये यासुहिको निशिझावा यांनी १९९५ मध्ये लिहिलेल्या कादंबरीत एक मुलगा श्रीमंत आजोबांच्या घरी जमलेल्या कुटुंबात एकाच दिवसात नऊ वेळा अडकतो आणि आजोबांचा मृत्यू टाळण्यासाठी धडपडतो. ‘द मॅन हू डाइड सेव्हन टाइम्स’ या नावाने ती आता इंग्रजीतही आली आहे. केट ॲटकिन्सन यांच्या २०१३ च्या ‘लाइफ आफ्टर लाइफ’मधली अर्सुला फेब्रुवारी १९१० च्या बर्फात पुन्हा पुन्हा जन्म घेते. या सगळ्यांत ॲटकिन्सन यांची कादंबरी साहित्य म्हणून सर्वांत उंच आहे, यात शंका नाही. पण रहस्यकथेचा काटेकोरपणा आणि फेऱ्याची घुसमट एकाच वेळी निभावणे टर्टन यांना जितके जमले तितके दुसऱ्या कोणाला क्वचितच जमले असेल.

त्याचे कारण आठ देह.

बहुतेक फेऱ्यांच्या गोष्टींत माणूस तोच राहतो, दिवस परत येतो. इथे दिवस परत येतो आणि माणूस बदलतो. शिवाय आठही देह त्या एकाच दिवशी एकाच घरात वावरत असतात. म्हणजे एडन चौथ्या दिवशी जिन्यावर उभा असताना पहिल्या दिवसाचा घाबराघुबरा एडन बेलच्या रूपात खालून चालत जाताना त्याला दिसतो. पहिल्या दिवशी ज्याने त्याला मदत केली तो सहाव्या दिवसाचा तो स्वतःच असू शकतो. मागच्या देहासाठी चिठ्ठी ठेवायची, पुढच्या देहाकडून आलेली चिठ्ठी मानायची की नाही ते ठरवायचे, अशी ही गुंतागुंत आहे. एकाच खोलीतला एकच प्रसंग वाचक तीन दारांतून पाहतो आणि तिन्ही वेळा तो वेगळा दिसतो.

मराठी वाचकाला हे समजून घ्यायला परक्या चित्रपटाचा आधार लागू नये. परकायाप्रवेश आपल्याला आदि शंकराचार्यांच्या दंतकथेतून माहीत आहे. मंडनमिश्रांच्या विदुषी पत्नीने शृंगारावर प्रश्न विचारले तेव्हा संन्यासी आचार्यांनी मृत अमरुक राजाच्या देहात प्रवेश केला, ही ती कथा. तिचा उत्तरार्ध फारसा सांगितला जात नाही, पण तोच इथे मोलाचा आहे. राजाच्या देहात राहता राहता आचार्यांना स्वतःचा विसर पडू लागला. मूळ देहाची राखण करणारे शिष्य अस्वस्थ झाले आणि गायकांच्या वेषात दरबारात जाऊन त्यांनी गुरूला तो कोण आहे याची आठवण करून दिली. देह म्हणजे नुसते वस्त्र नव्हे, तो राहणाऱ्याला आपल्यासारखा करून टाकतो, हे त्या कथेला ठाऊक आहे.

टर्टन यांची सगळी कादंबरी या जाणिवेवर उभी आहे. रेव्हनकोर्ट या प्रचंड लठ्ठ सावकाराच्या देहात एडनला खासगी नोकराच्या आधाराशिवाय पलंगावरून उठता येत नाही. कपडे चढवणे हेच एक मोठे काम. जिना चढायचा म्हणजे आधी विचार करायचा. पण त्या देहातला मेंदू लखलखीत आहे; खुर्चीत बसल्या बसल्या तो इतरांच्या बोलण्यातली गाठ सोडवतो, आणि अशी बुद्धी आधी कधीच आपल्या वाट्याला आली नव्हती हे एडनला जाणवते. जोनाथन डर्बी या तरुणाच्या देहात पाय धावतात, पण सोबत येतो बायकांविषयीचा हिडीस लोभ आणि क्षणात उसळणारा राग. तो राग आपला नाही हे एडनला कळते, तरी हात उगारला जातोच. डान्स या म्हाताऱ्या वकिलाच्या देहात संयम मिळतो, पावले मंदावतात. रॅश्टन या पोलिसाच्या देहात नजर कमावलेली मिळते.

आणि बटलर. त्याला सकाळीच एका पाहुण्याने बेदम मारलेले असते, चेहरा ओळखू येणार नाही इतका. तो आवारातल्या एका खोलीत विव्हळत पडलेला असतो, आणि इतर देह झोपले की एडन पुन्हा पुन्हा त्याच वेदनेत जागा होतो. प्रतिष्ठितांच्या कथेत बटलरचे दुखणे सहसा एका ओळीत संपते. इथे ते वाचकाला सोडून जाऊ देत नाही.

हवेलीच्या रहस्यकथेत गुप्तहेर नेहमी बाहेरचा असे. तो गाडीने येई, सगळ्यांच्या मनातले काढून घेई, दिवाणखान्यात सर्वांना बसवून उलगडा करी आणि गाडीने परत जाई. त्याच्या अंगाला काही चिकटत नसे. झुंजार आणि काळापहाड यांच्या कथा घराघरांत पोचवणाऱ्या बाबूराव अर्नाळकरांच्या वाचकालाही नायक असाच अभंग लागे. वार झेलून तो पुढच्या पुस्तकात होता तसा उभा असे. एडनला ती सवलत नाही. संशयितांच्या मनात शिरण्यासाठी त्याला संशयित व्हावे लागते. खुनी शोधून सुटायचे, की वेळ जवळ आली असताना एव्हलिनला वाचवायचे, या पेचात तो सापडतो, आणि नियम सांगणाऱ्या मुखवट्याला ही दुसरी इच्छा मुळीच पसंत नसते. कादंबरीची धग तिथे आहे. बुद्धीचा खेळ म्हणून सुरू झालेले पुस्तक पुढे क्षमेविषयी बोलू लागते, आणि ते बोलणे चिकटवलेले वाटत नाही.

ब्लॅकहीथचे घर हेही एक पात्रच. दुरून भव्य, जवळ गेल्यावर पोपडे आलेले. बऱ्याच खोल्या ओस, बुरशी चढलेली, पाहुण्यांसाठी मोजका भाग तेवढा घाईने सजवलेला. हार्डकॅसल कुटुंब पैशाच्या बाबतीत आतून पोखरले गेले आहे, म्हणूनच एव्हलिनचे लग्न तिच्या मनाविरुद्ध त्या लठ्ठ सावकाराशी ठरवले आहे. साल कादंबरी ठळक करत नाही. पण दोन महायुद्धांमधल्या इंग्लंडची कळा या भिंतींवर स्पष्ट दिसते. १८९४ मध्ये मृत्यूनंतरच्या संपत्तीवर नव्याने कर बसला आणि पुढे तो चढत गेला, शेतीचे उत्पन्न घसरले, पहिल्या महायुद्धात वारस मेले, नोकर मिळेनासे झाले. विसाव्या शतकात ब्रिटनमध्ये अशी हजाराहून जास्त घरे पाडली गेली. १९७४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने या विध्वंसावर प्रदर्शन भरवले, तेव्हा कोसळत्या खांबांच्या दालनात गेलेल्या घरांची नावे एकामागून एक ऐकवली जात होती.

घरे पडली याचे दुःख खरे आहे. ती उभी कशी राहिली, हा प्रश्नही तितकाच खरा. २०२० मध्ये ऐतिहासिक वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्टने आपल्या ताब्यातल्या वास्तूंची पाहणी करून अहवाल काढला, त्यात ९३ ठिकाणांचा संबंध वसाहतींशी किंवा गुलामांच्या व्यापाराशी जोडलेला आढळला. वेल्समधल्या पोविस किल्ल्यात आजही टिपू सुलतानाचा तंबू आहे. कॉलिन्सने हे १८६८ मध्येच ओळखले होते. त्याचा हिरा १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडले तेव्हाच्या लुटीतला आहे, आणि त्याआधी तो सोमनाथाच्या देवळात होता, असे त्याची गोष्ट सांगते. दोन महायुद्धांमधल्या, रहस्यकथेच्या सुवर्णकाळाने हा प्रश्न बहुतेक वेळा बाहेर ठेवला. टर्टन यांनीही तो विचारलेला नाही. घराची कुजकी बाजू त्यांनी कुटुंबाच्या पापापुरती मर्यादित ठेवली आहे आणि भारतीय वाचकाला ही उणीव जाणवल्याशिवाय राहणार नाही.

आणखी एक गोष्ट खटकते. रेव्हनकोर्टच्या लठ्ठपणाची घृणा लेखक इतक्या वेळा आणि इतक्या चवीने लिहितो की ती एडनची न राहता पुस्तकाचीच वाटू लागते. डर्बीच्या देहातली किळस नैतिक आहे, तिला कारण आहे. या देहातली किळस केवळ मांसाची आहे. पुढे एडन त्या माणसाच्या बुद्धीचा आदर करू लागतो म्हणून तोल थोडा सावरतो, पण सुरुवातीची पाने वाचताना मन आखडते. शेवटाबद्दलही वाचकांचे दोन तट पडतात. ब्लॅकहीथ म्हणजे नेमके काय, याचा खुलासा लेखक देतो. काहींना तो अनावश्यक वाटतो, घर गूढच राहिले असते तर बरे असे ते म्हणतात. या प्रस्तावनेचे मत वेगळे आहे. त्या खुलाशावाचून एडन आणि ॲना यांच्यामधला निर्णय नुसता भावुक ठरला असता. खुलाशामुळे त्याला वजन येते.

वाचायला हे पुस्तक सोपे नाही. पन्नासेक पानांनंतर नावे एकमेकांत मिसळू लागतात आणि दिवस मागेपुढे होतात. प्रकरणाचा मथळा मात्र दर वेळी न चुकता वाचावा. ‘चौथा दिवस’, ‘दुसरा दिवस (पुढे चालू)’ असे ते मथळे आहेत आणि आपण आत्ता कोणाच्या देहात आहोत हे त्यावरूनच कळते. सुरुवातीला छापलेला घर आणि आवाराचा नकाशा उलटून पाहायला लाज वाटू देऊ नये. तळे, तबेले आणि फाटकाजवळची खोली यांतले अंतर पुढे फार महत्त्वाचे ठरते. चहा किती वाजता आला, कोणाच्या हातात काय होते, कोण कोणाला पाहून चपापले, अशा बारीक गोष्टी वहीत टिपून ठेवणाऱ्याला हे पुस्तक दुप्पट देईल.

नकाशासोबत मेजवानीचे निमंत्रणही छापलेले आहे. एकोणीस वर्षांपूर्वी याच घरात हार्डकॅसलांचा मुलगा थॉमस मारला गेला होता आणि चार्ली कार्व्हर या आवार सांभाळणाऱ्या माणसाला त्यासाठी फाशी झाली. त्या दिवशी जे पाहुणे हजर होते त्यांनाच आता पुन्हा बोलावले आहे. यजमानांनी निमंत्रणात पाहुण्यांना विनवले आहे की या दोघांचा विषय कृपया काढू नये. वाचकाने नेमकी हीच दोन नावे पक्की लक्षात ठेवून पहिल्या दिवसाकडे वळावे.